दाढ, दावा आणि दारातली फरशी

९ जानेवारी
डाव्या हाताने लिहीत आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. म्हणून थोडक्यात.

दाढ ठणकत होती. डावीकडची, खालची. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या दवाखान्याच्या दारात उतार आहे. तिथे पाय सटकला. दातांसाठी घरातून निघालो आणि हाडांच्या डॉक्टरकडून परत आलो.

दाढ आहे तशीच.

१० जानेवारी
कालचा प्रसंग नीट नोंदवून ठेवायला हवा. पुढे उपयोगी पडेल.

फरशी नुकतीच पुसलेली होती. 'फरशी ओली आहे' अशी पाटी कुठेही नव्हती. हा शुद्ध निष्काळजीपणा. फरशीत मात्र काडीचा दोष नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती आपल्याच दुकानातली आहे. दोन वर्षांपूर्वी मीच बाईंना दिली. पांढरी, ग्लॉसी. बाई खरखरीत टाइल मागत होत्या. मी त्यांना समजावलं, "डॉक्टर, पेशंटला दारातच स्वतःचं हसू दिसलं पाहिजे." फरशांच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण याहून चांगलं वाक्य मला सुचलेलं नाही. बाईंनी उभ्या उभ्या ऑर्डर दिली.

काल पालथा पडलो तेव्हा त्या फरशीत माझा चेहरा अगदी स्वच्छ दिसला. दोन वर्षं झाली तरी चकाकी जशीच्या तशी. त्या अवस्थेतही समाधान वाटलं.

१२ जानेवारी
साडूभाऊ भेटायला आले. त्यांचे तीन दावे कोर्टात चालू आहेत. एक शेजाऱ्यावर, एक लिफ्टवाल्यांवर, एक सख्ख्या भावावर. आजवर एकही हरलेले नाहीत. चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली की एकही संपलेलाच नाही. तो मुद्दा वेगळा.

साडूभाऊंचं म्हणणं असं की जागा बाईंची, तेव्हा जबाबदारी बाईंची आणि नुकसानभरपाई माझी. त्यांनी एक आकडाही सांगितला. इथे लिहीत नाही, दृष्ट लागायची. पण तो ऐकल्यापासून मनगटाची कळ बरीच कमी आहे.

मी म्हणालो, बाई स्वभावाने फार चांगल्या आहेत. साडूभाऊ म्हणाले, मग काम लवकर होईल.

संकल्प: उद्यापासून रोज एक तास दाव्यासाठी. दाढेचं नंतर बघू.

१५ जानेवारी
वकिलांना भेटलो. वयाने लहान आहेत, पण चष्मा जाड आहे. सगळं मन लावून ऐकलं. वकीलपत्रावर डाव्या हाताने सही केली. ती माझी वाटत नाही, असं ते म्हणाले. मलाही वाटली नाही.

धंदा कोणता, असं विचारलं. बांधकामाचं साहित्य, असं सांगितलं. दवाखान्यातली फरशी कोणी पुरवली, हे त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. आपल्याच मालाचा मोठेपणा मिरवणं माझ्या स्वभावात नाही.

घरी आल्यावर बायकोने पहिलाच प्रश्न केला, फरशी आपली आहे हे वकिलांना सांगितलंत का? मी समजावलं, की कायदा जागा कोणाची एवढंच बघतो, माल कोणाचा ते बघत नाही. ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. हा कुठला, ते कळलं नाही.

२० जानेवारी
हात मोडल्यापासून दुकानात बायको बसते. दुकान कागदोपत्री तिच्याच नावावर आहे, तेही माहेरच्या आडनावाने, कारण बँकेतलं खातं आधीपासून तसंच होतं. कराचा काहीतरी फायदा होता तेव्हा. बाकी सगळं मीच बघतो. म्हणजे बघत होतो.

आज सहज चक्कर मारली. बघतो तर एक सुटाबुटातले गृहस्थ पॅन्ट वर दुमडून अनवाणी उभे. बायकोने दोन टाइल जमिनीवर ठेवल्या होत्या, एक ग्लॉसी, एक खरखरीत. दोन्हींवर तांब्याने पाणी ओतलं होतं आणि ती त्यांना म्हणत होती, आता यावर उभे राहा, आता त्यावर. माझी पद्धत म्हणजे टाइल उजेडात धरायची, गिऱ्हाइकाला तिच्यात चेहरा दाखवायचा आणि तो स्वतःकडे बघत असतानाच बिल करायचं. त्या पद्धतीला एक रुबाब आहे.

गृहस्थांनी खरखरीत घेतली. अख्ख्या घरासाठी. गिऱ्हाईक खूष होतं, पण नुसत्या गिऱ्हाइकाच्या खुशीवर दुकान चालत नसतं.

हात बरा झाला की हे सगळं पूर्ववत करायचं.

२४ जानेवारी
बाईंना नोटीस गेली. वकिलांनी वाचून दाखवली. 'माझ्या अशिलास तीव्र शारीरिक व मानसिक यातना सोसाव्या लागत असून त्याचे पुढील आयुष्य अंधकारमय झाले आहे.' ऐकता ऐकता मलाच भरून आलं. आपल्याला एवढं झालंय याची मला कल्पनाच नव्हती.

येताना दाढेसाठी लवंगेचं तेल घेतलं.

२८ जानेवारी
सकाळी १०
दवाखान्यातून मेसेज: 'आपली तपासणी राहून गेली आहे. आपल्या हास्याची आम्हाला काळजी आहे.'

हा उघडउघड दबाव आहे. लगेच वकिलांना पाठवला. ते म्हणाले, असे मेसेज मशीनवरून सगळ्यांना आपोआप जातात. साडूभाऊ म्हणाले, या जगात आपोआप काही येत नसतं.

सायंकाळी ६
तोच मेसेज पुन्हा. खाली या वेळी हसणारा दात.

३ फेब्रुवारी
दाढ आता स्वस्थ बसू देत नाही. वकिलांनी बजावलं आहे की समोरच्या पक्षाशी कसलाही संपर्क नको. आणि मलाही कळतं, ज्या व्यक्तीवर दावा ठोकलाय तिच्यासमोर तोंड उघडून पडायचं कसं?

म्हणून दुसऱ्या एका डेंटिस्टकडे गेलो. गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी नाव सांगण्याआधी त्याने हत्यार उचललं. मी एक अर्जंट फोन आहे म्हणून बाहेर आलो आणि बस पकडली.

बाईंची गोष्ट निराळी. त्या आधी सांगतात, आता टोचेल. आणि टोचतंच. इतका खरेपणा हल्ली बघायला मिळत नाही.

उजव्या बाजूने चावायची सवय करतोय. जमतंय. पोळी डावीकडे गेली तरच डोळ्यांत पाणी येतं.

१० फेब्रुवारी
बाईंच्या वकिलाचं उत्तर आलं. त्यात म्हटलंय की फरशी रोज पुसली जाते, आणि पाटी होती. पिवळी, कमरेएवढी. आणि तुमच्या अशिलाने तिच्यावर हात टेकून बुटाची लेस बांधली, हे रिसेप्शनवरच्या मुलीने स्वतः पाहिलं.

काहीतरी पिवळं होतं खरं. मला वाटलं, घडीची खुर्ची आहे. खुर्चीवर एवढं काय लिहिलंय असं वाटून गेलं होतं, पण चष्मा खिशात होता.

वकिलांनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, आता पाटीचा मुद्दा सोडायचा आणि फरशीचा धरायचा. फरशीच मुळात धोकादायक आहे, असं म्हणायचं. मी म्हणालो, फरशी उत्तम आहे हो. ते म्हणाले, "फरशी उत्तम असेल तर मग दावा नाही."

घरी येऊन शांतपणे विचार केला. फरशी उत्तमच आहे. पण ती उतारावर नको होती. दिवाणखान्यात उत्तम, दारात धोकादायक. एकदा असं म्हटलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी
फरशीबद्दल जाणकाराचं मत लागेल, असं वकील म्हणाले. जाणकार शोधायचा म्हणजे वेळ जातो. मी म्हणालो, शोधता कशाला, या विषयात माझ्याएवढा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. स्वतःच्या दाव्यात स्वतः जाणकार होता येत नाही म्हणे. पण माझ्या निवेदनात माझा अनुभव घालायला हरकत नाही, असं ठरलं.

मग मी बोलत गेलो आणि ते लिहीत गेले. चकाकी, पाणी, उतार, तळव्याची पकड. मलाच माहीत नव्हतं मला एवढं माहीत आहे. शेवटी एक वाक्य आपसूक आलं: 'अशा उतारावर अशी फरशी घालण्याचा सल्ला देणारा माणूस एक तर अडाणी असला पाहिजे किंवा बेफिकीर.' वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, असं वाक्य अशिलाकडून क्वचित मिळतं. त्यांनी ते ठळक अक्षरांत घ्यायचं ठरवलं.

आयुष्यातलं माझं दुसरं चांगलं वाक्य. दोन्ही एकाच फरशीवर सुचावीत, हा योगायोग.

घरी बायकोला वाचून दाखवलं. ती सॅम्पलवरची धूळ पुसत होती. म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिच्या बहिणीशी फोनवर बोलताना तिच्या हसण्याचा आवाज आला. बराच वेळ येत होता. त्या दोघींचं काहीतरी चालू असतं.

२२ फेब्रुवारी
प्लास्टर निघालं. आजपासून उजव्या हाताने. बायकोच्या मते डाव्या हाताचं अक्षर बरं होतं.

मनगट चांगलं वळतं. साडूभाऊंना ही बातमी फारशी आवडली नाही. दाव्याच्या मध्यावर बरं होणं म्हणजे हातचं घालवणं, असं ते म्हणाले. त्यांच्याकडे मानेचा एक जुना पट्टा आहे, लिफ्टच्या दाव्यात वापरलेला. तो देऊन गेले. मान दुखत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, घालून बघा, दुखेल.

संकल्प: घराबाहेर पट्ट्याशिवाय पडायचं नाही. हसायचं नाही. दाढेमुळे ते तसंही जमत नाहीये.

१ मार्च
पट्टा घालून दुकानात गेलो. या पट्ट्याचा दोष एकच, खालचं दिसत नाही. समोर एक जोडपं उभं होतं. मी रुबाबात पुढे झालो, या या म्हणालो, आणि पाय नेमका बायकोने पाणी ओतलेल्या ग्लॉसी टाइलवर पडला.

पडलो असं म्हणता येणार नाही. वेगाने बसलो.

जोडप्यातल्या बाईंनी नवऱ्याकडे फक्त पाहिलं. त्यांनी जिन्यासाठी, गच्चीसाठी आणि न्हाणीघरासाठी खरखरीत टाइल घेतली. ते गेल्यावर बायको म्हणाली, "रोज या हो असेच, कमिशन देते."

साडूभाऊंना फोनवर सांगितलं. त्यांनी ताबडतोब विचारलं, जागा कोणाची? मी फोन ठेवून दिला.

पट्टा धुऊन परत करायचा आहे.

८ मार्च
आज सकाळपासून गाल सुजलाय. तोंडात चमचा आडवाच जातो.

अशात वकिलांचा फोन. फार खुशीत होते. बाईंच्या वकिलाने नवीन उत्तर पाठवलंय. बाई म्हणतात की मी खरखरीत फरशी मागितली होती, पण दुकानदाराने गळ घालून ही माझ्या गळ्यात मारली. वकील म्हणाले, याहून चांगलं काय हवं? आता एकाऐवजी दोघांना धरता येईल. दुकानाचं नाव बाईंच्या बिलावर मिळालंय, कोणी बाई मालक आहेत, त्यांनाही उद्याच नोटीस काढतो. तुमचं ते 'अडाणी किंवा बेफिकीर' तिथे अगदी चपखल बसतं.

मी सांगणार होतो. नक्की सांगणार होतो. पण जबडा उघडेना. 'अं… अं' एवढंच आलं. वकील म्हणाले, "तुमची संमती धरतो," आणि फोन ठेवला.

सूज उतरली की पहिलं काम हेच.

९ मार्च
सूज उतरली नाही.

१० मार्च
थोडी उतरली. फोन करणार होतो, पण दुपारची वेळ वकिलांच्या जेवणाची असते. संध्याकाळी त्यांच्या चहाची.

११ मार्च
मेसेज तरी टाकावा असं वाटलं. 'एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली' एवढं लिहिलं. मग वाटलं, किरकोळ गोष्टींसाठी माणसाला कशाला त्रास द्यायचा.

१४ मार्च
नोटीस आली. दुकानात, रजिस्टर्ड पोस्टाने. बायकोने सही करून घेतली, तिथे उघडली नाही, घरी घेऊन आली. जेवणाच्या टेबलापाशी बसली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेली. मी समोर लवंगेचं तेल लावत होतो.

वादीच्या नावापाशी ती थांबली नाही. अंधकारमय आयुष्यापाशीही थांबली नाही. ठळक अक्षरांपाशी थांबली.

"एक तर अडाणी किंवा बेफिकीर," ती म्हणाली. "यातली मी कुठली?"

मी घाईघाईने म्हणालो, "अगं, ती तू नव्हेस. तो मी."

अर्थात हे मी फक्त कायद्याच्या अंगाने म्हणालो.

तिने कागदाची व्यवस्थित घडी घातली. म्हणाली, वीस वर्षं दुकान माझ्या नावावर आहे, आणि माझ्या नावाने पहिलं पत्र आलं ते हे. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर मला काही बोलता आलं असतं. मग उठता उठता म्हणाली, "भात मऊ केलाय. वाढू, की आधी वकिलाला विचारता?"

वाढ म्हणालो.

जेवताना ती एकदाच बोलली. हे प्रकरण गावभर झालं तर आपल्याकडून कोणी फरशी घेईल का, असं विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण तोंडात भात होता.

१५ मार्च
बायको सकाळी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी येऊ का विचारलं. ती म्हणाली, तुम्ही वादी आहात, तुम्ही घरी बसा.

दुपारी जेवायच्या आत परत आली, सगळं मिटवून. मी दावा सोडायचा. दुकानाने उतारावरची ग्लॉसी काढून तिथे खरखरीत बसवून द्यायची. बाईंनी माझी दाढ बघायची. शिवाय बाई त्यांच्या नवीन घराच्या फरशा आपल्याकडून घेणार आहेत. पण दाखवायला मी असू नये, अशी त्यांची अट आहे.

वकील हळहळले. म्हणाले, वादी आणि प्रतिवादी एकाच स्वयंपाकघरात जेवतात, हे मला आधी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, आपण विचारलं नाहीत.

साडूभाऊ म्हणाले, अपील करा. कशाविरुद्ध, हे त्यांनी सांगितलं नाही.

शांत डोक्याने पाहिलं तर दावा जिंकल्यासारखाच आहे. धोकादायक फरशी निघाली, हेच तर माझं म्हणणं होतं.

१९ मार्च
बाईंच्या खुर्चीत. म्हणजे होतो. आता घरी आहे, तोंडात कापूस आहे.

जाताना मागच्या दाराने नेलं, कारण पुढे उतारावर गवंडी शेवटचा हात फिरवत होते. खुर्चीत आडवा झालो. बायको शेजारी स्टुलावर. बाईंनी आरसा आत घातला आणि दिवा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "जानेवारीत आला असतात तर वाचली असती. आता काढावीच लागेल."

मी हातानेच खुणा करून सांगायचा प्रयत्न केला की जानेवारीत आलो होतो. दारापर्यंत आलो होतो.

"आता टोचेल," बाई म्हणाल्या.

टोचलं.

त्यानंतर बाई आणि बायको माझ्या तोंडावरून फरशांबद्दल बोलत राहिल्या. स्वयंपाकघरात कुठला रंग, गच्चीत कुठला. मध्येच बाईंनी विचारलं, दिवाणखान्यात जरा चकचकीत घेतली तर? यावर मला खूप सांगण्यासारखं होतं. मी 'आ' केलं. बाई म्हणाल्या, "अजून थोडं मोठं," आणि दाढ ओढली.

निघताना पुढच्या दाराने आलो. नवी फरशी बसली होती, करड्या रंगाची. बायकोने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, उतारावर ओतली आणि मला बूट काढायला लावले. रिसेप्शनवरची मुलगी काचेतून बघत होती. मी अनवाणी खाली उतरलो, पुन्हा वर चढलो, पुन्हा उतरलो. पाय कुठेच सटकला नाही. बायको म्हणाली, "बरं." हा प्रकार ओळखीचा होता.

जाता जाता सवयीने खाली वाकून पाहिलं. या फरशीत चेहरा दिसत नाही. ते एका परीने बरंच झालं. अर्धा सुजलेला होता.